दुसरी गोळी लिहिण्याआधी पहिलीची चौकशी व्हावी

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पित्ताच्या गोळीने मूत्रपिंड निकामी होते, कोलेस्टेरॉलची गोळी म्हणजे विष आहे, मधुमेहाच्या औषधाचे सत्य डॉक्टर लपवतात, अशा धर्तीचा मजकूर अलीकडे सतत कुठून ना कुठून आपल्यासमोर येत असतो. त्यातला काही वृत्तपत्रांतून येतो, बराचसा व्हॉट्सॲपवरून फिरत येतो. मी मुंबईतील एका महाविद्यालयात बी. फार्म.च्या विद्यार्थ्यांना औषधशास्त्र शिकवत असे, आणि निवृत्तीनंतर आमच्या भागातील ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभासदांना त्यांच्या औषधांविषयी समजावून सांगण्याचे काम करते. असा मजकूर वाचून सभासद दोन प्रकारे वागतात, असे मला दिसते. काही जण बीपीची किंवा साखरेची गोळी कोणालाही न विचारता बंद करतात आणि मग त्यांना धावपळ करून रुग्णालयात न्यावे लागते. दुसरे काही जण हे सारे अफवा समजून सोडून देतात आणि पायावर आलेली सूज, रात्री उठताना जाणारा तोल, महिनोन्‌महिने न हटणारी मरगळ या गोष्टी 'आता वयच झाले' म्हणून अंगावर काढतात. हे दुसऱ्या प्रकारचे लोक संख्येने पुष्कळ जास्त आहेत आणि त्यांच्याविषयी फारसे कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र. ते लांबले आहे. पण या विषयावर थोडक्यात लिहिल्यानेच बरेच गैरसमज झालेले असल्यामुळे आपण ते शक्यतो न कापता छापावे, अशी विनंती आहे.

औषधाने अपाय झाला असे म्हटले की मुंबईकराला प्रथम १९८६ सालचे जे. जे. रुग्णालयातील प्रकरण आठवते. डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी रसायनाची भेसळ असलेले ग्लिसरॉल दिले गेल्यामुळे त्या वेळी चौदा रुग्ण दगावले, न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला आणि सरकारी यंत्रणेतील अनेक गोष्टी उघड्यावर आल्या. तो गुन्हा होता, आणि भेसळीविरुद्धची लढाई अजूनही संपलेली नाही. परंतु मी ज्या अपायाविषयी लिहीत आहे तो वेगळा आहे. त्यात औषध शुद्ध असते, कंपनी नावाजलेली असते, डॉक्टरांनी योग्य आजारासाठी योग्य मात्रेत ते लिहिलेले असते, रुग्णाने ते वेळेवर घेतलेले असते, आणि तरीही त्याला इजा होते. येथे दोषी शोधून काढण्यासारखा कोणी नसतो, आणि बहुधा त्यामुळेच या अपायाची चौकशी करण्याची सवय आपल्याला लागलेली नाही.

औषध बाजारात येण्यापूर्वी त्याची माणसांवर चाचणी झालेली असते, मग हे अपाय तेव्हाच का कळत नाहीत, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर बरेचसे गणितात आहे. एखादा गंभीर दुष्परिणाम दहा हजार लोकांमागे एकाला होत असेल आणि चाचणीत तीन हजार लोकांना औषध दिले गेले असेल, तर त्या चाचणीत असा एकही रुग्ण न दिसण्याचीच शक्यता चारांत तीन इतकी असते. तो निदान एकदा तरी दिसेल अशी पंचाण्णव टक्के खात्री हवी असेल, तर सुमारे तीस हजार लोकांना औषध द्यावे लागेल, आणि इतक्या मोठ्या चाचण्या क्वचितच होतात. दुसरे कारण मला त्याहून महत्त्वाचे वाटते. चाचणीसाठी निवडलेली माणसे बहुधा एकाच आजाराची, मध्यम वयाची, इतर औषधे फारशी न घेणारी असतात. मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी आणि निद्रानाश एकत्र असलेली, सकाळी पाच आणि रात्री चार गोळ्या घेणारी अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई त्या चाचणीत घेतलीच जात नाही. पुढे ते औषध सर्वांत जास्त काळ घेते मात्र तीच. म्हणजे औषधाची खरी परीक्षा ते केमिस्टच्या दुकानात आल्यानंतर सुरू होते, आणि तिचा निकाल आपल्यापर्यंत पोहोचायचा असेल तर रुग्णाची तक्रार कोणीतरी लिहून ठेवावी लागते.

या लिहून ठेवण्याचे महत्त्व जगाला थॅलिडोमाइडने शिकवले. १९५७ साली जर्मनीत बाजारात आलेले हे झोपेचे आणि गरोदरपणातील मळमळीवरचे औषध इतके निर्धोक समजले जात होते की तेथे ते चिठ्ठीशिवाय मिळत असे. १९६१ च्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियातील प्रसूतितज्ज्ञ विल्यम मॅकब्राइड यांचे एक छोटेसे पत्र 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. हे औषध घेतलेल्या स्त्रियांच्या बाळांत हातापायांचे गंभीर व्यंग आपल्याला दिसत आहे, इतर कोणाला असे दिसले आहे काय, असे त्यांनी विचारले होते. जर्मनीत विडुकिंड लेन्झ हे बालरोगतज्ज्ञ त्याच निष्कर्षावर पोहोचले होते आणि तेथे औषध नोव्हेंबरअखेरीस मागे घेतले गेले होते. तोपर्यंत जगभरात दहा हजारांहून अधिक मुले बाधित झाली होती. त्या धक्क्यातून ब्रिटनने १९६४ साली 'यलो कार्ड' ही दुष्परिणाम नोंदवण्याची पद्धत सुरू केली आणि इतर देशांनी आपापल्या पद्धती उभारल्या. संपादकांना लिहिलेल्या काही ओळींच्या पत्राने वैद्यकशास्त्राची एक शाखा उभी राहण्यास हातभार लावला, हे आपल्या वाचकांना ठाऊक असावे असे मला वाटते.

थॅलिडोमाइडसारखी प्रकरणे मात्र विरळ. नित्याचे नुकसान फार साध्या औषधांनी होते. ब्रिटनमधील लिव्हरपूलच्या परिसरातील दोन रुग्णालयांत दाखल झालेल्या १८,८२० प्रौढ रुग्णांची पाहणी करून म्युनीर पिरमोहम्मद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली दाखवून दिले की त्यांपैकी ६.५ टक्के रुग्णांच्या दाखल होण्यामागे औषधाचा दुष्परिणाम होता. कारणीभूत औषधांच्या यादीत अग्रभागी काय होते? कमी मात्रेतील ॲस्पिरिन, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, रक्त पातळ करणारे वॉरफॅरिन आणि वेदनाशामके. ही सगळी जुनी, स्वस्त, प्रत्येक डॉक्टरला पाठ असलेली औषधे आहेत आणि त्यांचे दुष्परिणामही पाठ्यपुस्तकात पहिल्याच पानावर दिलेले असतात. म्हणूनच संशोधकांनी त्यांतील बहुतेक प्रकरणे टाळता आली असती असे म्हटले. त्याच शहरात अलीकडे झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हे प्रमाण १६.५ टक्के आढळले. माणसे अधिक वर्षे जगतात, त्यांना अनेक आजार एकत्र असतात, गोळ्यांची संख्या वाढते आणि तिच्याबरोबर हे प्रमाणही वाढते.

आता पित्ताच्या गोळीकडे येते, कारण मुंबईत ती न घेणारे घर शोधावे लागेल. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल, राबेप्राझोल या गटातील गोळ्या जठरातील आम्ल तयार करणारी यंत्रणाच बंद करतात. त्या उत्तम औषधे आहेत. जठरातील व्रणांसाठी पूर्वी जी शस्त्रक्रिया करावी लागत असे ती यांच्यामुळे बहुतांशी इतिहासजमा झाली. अडचण अशी आहे की कोणत्याही तापाच्या, सांधेदुखीच्या किंवा अँटिबायोटिकच्या चिठ्ठीवर ही गोळी 'उपाशीपोटी एक' म्हणून आपोआप चढते, मूळ औषध पाच दिवसांत संपते आणि ही मात्र वर्षानुवर्षे चालू राहते. ती कोणी आणि का सुरू केली हे संघातील अनेक सभासदांना सांगता येत नाही. त्यांच्या आताच्या डॉक्टरांनाही ते ठाऊक नसते, कारण ती आधीच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून उतरवून घेतलेली असते.

या गोळ्यांनी मूत्रपिंड बिघडते काय? २०१६ साली अमेरिकेतील दहा हजारांहून अधिक लोकांच्या दीर्घकालीन पाहणीवरून असे दिसले की त्या घेणाऱ्यांत मूत्रपिंडाच्या जुनाट विकाराचा धोका दीडपट होता. 'दीडपट' हा शब्द जगभर छापला गेला. त्याच शोधनिबंधात दुसराही आकडा होता, आणि तो फारसा कोणी छापला नाही: दहा वर्षांत हा विकार होण्याचे प्रमाण गोळी घेणाऱ्यांत ११.८ टक्के होते, आणि त्यांनी ती घेतली नसती तर ते ८.५ टक्के असते असा अंदाज होता. म्हणजे शंभर माणसांमागे दहा वर्षांत सुमारे तीन अधिक. हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही, पण 'मूत्रपिंड निकामी' या मथळ्यातून वाचकाच्या मनात जे चित्र उभे राहते त्याच्याशी त्याचा काही संबंध नाही. शिवाय अशा पाहणीत मुळातच एक दुबळेपणा असतो. ज्यांना पित्ताची गोळी दिली जाते ते बहुधा आधीच अधिक आजारी, अधिक वजनदार, अधिक वेदनाशामके घेणारे असतात. मग मूत्रपिंड गोळीने बिघडले की गोळी ज्या परिस्थितीत दिली गेली त्या परिस्थितीने, हे सांख्यिकीने कितीही चाळणी लावली तरी पुरते वेगळे करता येत नाही.

ते वेगळे करण्याचा मार्ग म्हणजे चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना खरी गोळी आणि निम्म्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी देणे. हृदयविकाराच्या रुग्णांवरील 'कम्पास' नावाच्या चाचणीत १७,५९८ लोकांना अशा रीतीने पँटोप्राझोल किंवा निष्क्रिय गोळी दिली गेली आणि सुमारे तीन वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले गेले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मूत्रपिंडाचा जुनाट विकार, न्यूमोनिया, हाड मोडणे, स्मृतिभ्रंश यांपैकी कशाच्याही प्रमाणात दोन गटांत ठरण्याजोगा फरक दिसला नाही. फक्त आतड्यांच्या संसर्गाचे प्रमाण निष्क्रिय गोळीच्या गटात हजारी दहा आणि पँटोप्राझोलच्या गटात हजारी चौदा निघाले. पावसाळ्यात पोटाच्या संसर्गाने हैराण होणाऱ्या आपल्या शहराने लक्षात ठेवावा असा हा आकडा आहे, कारण जठरातील आम्ल ही जंतूंविरुद्धची आपली पहिली तटबंदी असते. तीन वर्षांची चाचणी पंधरा वर्षांच्या सेवनाविषयी सर्व काही सांगत नाही, आणि क्वचित काही रुग्णांत ही गोळी मूत्रपिंडाला अचानक इजा करते हेही खरे आहे. आपल्या औषध नियंत्रकांनी २०१९ मध्ये तसा उल्लेख माहितीपत्रकात करण्यास सांगितले ते योग्यच होते. रक्तातील मॅग्नेशियम कमी होण्याबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ मध्ये इशारा दिला, तोही पक्का आहे.

मग ही गोळी सुटत का नाही, याचे उत्तर डेन्मार्कमधील एका देखण्या प्रयोगात आहे. २००९ साली तेथील संशोधकांनी पित्ताचा कसलाही त्रास नसलेल्या १२० निरोगी माणसांना दोन गटांत विभागले. एका गटाला आठ आठवडे या जातीची गोळी आणि मग चार आठवडे निष्क्रिय गोळी दिली, तर दुसऱ्याला बाराही आठवडे निष्क्रिय गोळी दिली. गोळी थांबल्यानंतरच्या आठवड्यांत पहिल्या गटातील ४४ टक्के लोकांना जळजळ, आंबट ढेकर यांसारखे त्रास झाले. दुसऱ्या गटात हे प्रमाण १५ टक्के होते. ज्यांना मुळात आजारच नव्हता त्यांना औषध बंद केल्याने आजाराची लक्षणे आली, कारण दाबून ठेवलेली आम्लनिर्मिती काही काळ उसळी मारते. आपल्याकडे हे सांगितले जात नसल्यामुळे गोळी दोन दिवस बंद केलेला माणूस जळजळ सुरू होताच 'मला ती लागतेच' असा निष्कर्ष काढतो आणि आयुष्यभराचे गिऱ्हाईक होतो. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करता येते. ज्यांना रक्त पातळ करणाऱ्या दोन-दोन गोळ्या चालू आहेत किंवा ज्यांच्या जठरातून पूर्वी रक्तस्राव झाला आहे, त्यांनी मात्र हे वाचून ती अजिबात बंद करू नये, कारण त्यांच्या बाबतीत ती जीव वाचवते.

पित्ताच्या गोळीविषयी इतके सविस्तर लिहिले, कारण तिच्या निमित्ताने जेवढी भीती पसरवली जाते तेवढी ज्या औषधांविषयी वाटायला हवी त्यांच्याविषयी वाटत नाही. वेदनाशामकांचेच पाहा. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल या प्रकारची गोळी, तिच्या जोडीला लघवी वाढवणारी गोळी (पुष्कळदा दोन्ही एकाच गोळीत असतात, म्हणून रुग्णाला ती एकच वाटते), आणि गुडघा दुखला की केमिस्टकडून आणलेली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन, हा आपल्या वयस्कर लोकांतील अगदी नित्याचा मेळ आहे. या तिन्ही गोळ्या मूत्रपिंडातील रक्तप्रवाहावर तीन वेगवेगळ्या बाजूंनी परिणाम करतात. ब्रिटनमधील ४,८७,३७२ रक्तदाबाच्या रुग्णांच्या नोंदी तपासून माँट्रियलच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवले की तिन्ही एकत्र घेणाऱ्यांत मूत्रपिंडाला अचानक इजा होण्याचे प्रमाण ३१ टक्क्यांनी अधिक असते आणि पहिल्या तीस दिवसांत तर ते ८२ टक्क्यांनी अधिक असते. त्यात मे महिन्याचा घाम किंवा जुलाब यांची भर पडली तर धोका आणखी वाढतो. पहिल्या दोन गोळ्या डॉक्टर लिहितात, तिसरी रुग्ण स्वतः विकत आणतो, आणि या तिघींची गाठ पडल्याचे रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंड बिघडल्याची खूण) वाढेपर्यंत कोणालाच कळत नाही.

याच डायक्लोफेनॅकने आपल्या देशातील गिधाडांचा जवळजवळ निर्वंश केला. गुरांना हे औषध दिले जात असे आणि मेलेली गुरे खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे त्याने बंद पडत, हे २००४ साली सिद्ध झाले. २००६ मध्ये सरकारने जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी घातली. मलबार हिलवरील डुंगरवाडीत पारशी समाजाची, गिधाडांवर अवलंबून असलेली अंत्यसंस्काराची शतकांची परंपरा त्यामुळे अडचणीत आली, हे मुंबईकरांनी डोळ्यांनी पाहिले आहे. माणसाचे शरीर गिधाडाइतके हतबल नाही. तरीही २०१३ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या अनेक चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणानुसार डायक्लोफेनॅकची मोठी मात्रा वर्षभर घेणाऱ्या हजार लोकांमागे सुमारे तिघांना हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात यांसारखी गंभीर घटना जास्तीची होते. तरीही 'एक स्ट्रिप कापून द्या' म्हणून हे औषध चिठ्ठीशिवाय सहज मिळते.

ज्या प्रकाराने मी सर्वांत अस्वस्थ होते तो आणखी वेगळा आहे. एका औषधाचा दुष्परिणाम हा नवा आजार समजला जातो आणि त्यावर दुसरे औषध लिहिले जाते. पॉला रोशन आणि जेरी गुरविट्झ या दोन डॉक्टरांनी नव्वदच्या दशकात या साखळीकडे वैद्यकविश्वाचे लक्ष वेधले. आमच्या संघातील एका आजींच्या औषधांच्या पिशवीत ती साखळी जशीच्या तशी होती. रक्तदाबासाठी अम्लोडिपिन सुरू झाले; त्याने अनेकांच्या घोट्यांवर सूज येते तशी त्यांच्याही आली. ती दाखवायला त्या दुसऱ्या डॉक्टरांकडे गेल्या आणि त्यांनी लघवीची गोळी दिली. तिने क्षार कमी होऊन पिंडऱ्यांत रात्री गोळे येऊ लागले आणि झोप जाऊ लागली. झोपेसाठी क्लोनाझेपाम आले, पहाटे तोल गेला, त्या मोरीत पडल्या आणि मनगट मोडले; मग वेदनाशामक आणि अर्थातच पित्ताची गोळी. प्रत्येक डॉक्टरांनी समोर दिसलेल्या तक्रारीवर ज्ञानाला धरूनच उपचार केले होते. मागे वळून पहिल्या गोळीकडे पाहायला मात्र कोणाला सवड झाली नाही. अम्लोडिपिनच्या गटातील औषधे सुरू झाल्यानंतर लघवीची गोळी लिहिली जाण्याचे प्रमाण वाढते, हे कॅनडातील ओंटारिओ प्रांताच्या नोंदींवरून २०२० मध्ये पद्धतशीरपणे दाखवले गेले आहे. वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादी अमेरिकेत मार्क बीअर्स यांनी १९९१ सालीच तयार केली, तिच्या आवृत्त्या सतत निघत आहेत आणि झोपेच्या या जातीच्या गोळ्या तिच्यात ठळकपणे आहेत.

मेटफॉर्मिनचे उदाहरण आपल्याकडील लोकांसाठी विशेष महत्त्वाचे आहे. मधुमेहाचे हे औषध चांगले, स्वस्त आणि बहुतेकांना सोसणारे आहे. ते कोणी बंद करू नये. परंतु त्याने ब-१२ जीवनसत्त्वाचे शोषण कमी होते. नेदरलँड्समध्ये ३९० रुग्णांना चार वर्षांहून अधिक काळ मेटफॉर्मिन किंवा निष्क्रिय गोळी देऊन केलेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मेटफॉर्मिनच्या गटातील ब-१२ ची पातळी १९ टक्क्यांनी घटली. ही चाचणी मांस, दूध आणि मासे भरपूर खाणाऱ्या समाजात झाली होती. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने आपल्याकडील वरवर निरोगी दिसणाऱ्या पुरुषांतही सुमारे दोन-तृतीयांश लोकांत ब-१२ कमी असल्याचे दाखवले आहे. मुळातच ज्याची पातळी तळाशी आहे अशा शाकाहारी माणसाला दहा-पंधरा वर्षे मेटफॉर्मिन आणि सोबत पित्ताची गोळी (तीही हे शोषण कमी करते) दिली आणि त्याच्या पायांना मुंग्या येऊ लागल्या, तर ते 'साखरेमुळे नसा गेल्या' म्हणून सोडून दिले जाते. त्यातला काही भाग ब-१२ च्या साध्या गोळीने किंवा इंजेक्शनने भरून निघण्यासारखा असू शकतो. वर्षातून एकदा रक्ताची ही तपासणी सांगणे एवढाच प्रश्न आहे.

उलट बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्यांनी अंग दुखते म्हणून त्या सोडून दिलेल्या साठ लोकांवर लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने केलेली चाचणी २०२० साली प्रसिद्ध झाली. त्यांना काही महिने खरी गोळी, काही महिने निष्क्रिय गोळी आणि काही महिने रिकामी बाटली दिली आणि रोजचा त्रास नोंदवायला सांगितला. खऱ्या गोळीच्या महिन्यांत जो त्रास होत असे त्याच्या ९० टक्के त्रास निष्क्रिय गोळीच्या महिन्यांतही झाला. त्रास खोटा नव्हता, पण त्याचे कारण बहुतांशी औषधाविषयीच्या धास्तीत होते, आणि हे स्वतःच्या नोंदींतून पाहिल्यावर त्यांतील निम्म्या लोकांनी गोळी पुन्हा सुरू केली. स्टॅटिनने क्वचित स्नायूंना खरी इजा होते आणि मधुमेहाचे प्रमाण किंचित वाढते. २५५ लोकांनी चार वर्षे घेतल्यास एकाला जास्तीचा मधुमेह, असा त्याचा हिशेब २०१० मध्ये मांडला गेला आहे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसाने हा हिशेब पाहून गोळी टाकून देणे म्हणजे स्वतःचे मोठे नुकसान करून घेणे होय. भीती पसरवणाऱ्या मजकुराने माणसे मरतात, हे मी जबाबदारीने लिहीत आहे.

अशा तक्रारी नोंदवण्यासाठी आपल्या देशात सरकारी व्यवस्था आहे, आणि तिच्यात मुंबईचा वाटा जुना आहे. नव्वदच्या दशकात भारत जागतिक आरोग्य संघटनेच्या औषध-देखरेख कार्यक्रमात सामील झाला तेव्हाच्या मोजक्या केंद्रांत परळचे केईएम रुग्णालय होते, आणि २००४ च्या राष्ट्रीय कार्यक्रमातही ते विभागीय केंद्र होते. २०१० पासून सध्याचा 'फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्रॅम ऑफ इंडिया' (औषधांच्या दुष्परिणामांवर देखरेख ठेवणारा कार्यक्रम) चालू आहे आणि त्याचे मुख्य केंद्र गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे. पाळीच्या दुखण्यावर आणि मुलांच्या तापावर सर्रास दिल्या जाणाऱ्या मेफेनॅमिक ॲसिडमुळे अंगावर पुरळ, ताप आणि यकृतासारख्या अवयवांना इजा अशी गंभीर ॲलर्जी उद्भवू शकते, हा इशारा याच संस्थेने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी दिला, आणि तो आपल्याच देशातून आलेल्या नोंदींवर आधारलेला होता. कोणीतरी तक्रार केली, कोणीतरी ती लिहून घेतली, म्हणून तो इशारा निघू शकला. परंतु जगभरातील ३७ पाहण्यांचा आढावा २००६ मध्ये घेतला गेला तेव्हा प्रत्यक्ष घडलेल्या दुष्परिणामांपैकी सुमारे ९४ टक्के कधीच नोंदले जात नाहीत, असे दिसले होते. आपल्याकडे दोन मिनिटांत एक रुग्ण तपासावा लागणाऱ्या ओपीडीतील डॉक्टरांकडून फॉर्म भरण्याची अपेक्षा करणे कठीणच आहे, आणि त्यांना दोष देण्याची माझी इच्छा नाही.

रुग्णाला स्वतः हा फॉर्म भरता येतो आणि तो मराठीतही उपलब्ध आहे, हे सांगितल्यावर माझ्या ओळखीचे सुशिक्षित लोकही चकित होतात. १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर कामकाजाच्या दिवशी दूरध्वनी करून तोंडी नोंदही करता येते. औषधामुळेच त्रास झाला हे रुग्णाने सिद्ध करावे लागत नाही, शंका पुरेशी असते, आणि नाव गुप्त ठेवले जाते. महापालिकेची मोठी रुग्णालये आणि वस्त्यांतून सुरू झालेले 'आपला दवाखाना' यांच्या औषध वाटपाच्या खिडकीवर हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहिलेला असावा, आणि तेथील फार्मासिस्टने 'या औषधाने काही त्रास झाला का' एवढा एकच प्रश्न विचारून उत्तर केसपेपरवर टिपावे, अशी महापालिकेच्या आरोग्य खात्याला माझी विनंती आहे. नियमित पाचपेक्षा अधिक औषधे घेणाऱ्या साठीपुढील रुग्णाची पूर्ण पिशवी वर्षातून एकदा कोणीतरी उघडून पाहावी. फार्मासिस्ट हे काम उत्तम करू शकतात; आम्ही त्यांना चार वर्षे तेच शिकवतो आणि नंतर त्यांच्याकडून फक्त स्ट्रिपा कापून घेतो.

स्ट्रिप कापण्याचा उल्लेख आला म्हणून आणखी एक गोष्ट लिहिते. औषधाचे माहितीपत्रक खोक्यात असते, रुग्णाला मिळते ती दहा गोळ्यांची किंवा त्याहून लहान कापलेली पट्टी, आणि ते पत्रक हाती पडलेच तर ते बारीक इंग्रजीत असते. १ ऑगस्ट २०२३ पासून तीनशे नावाजलेल्या ब्रँडांच्या वेष्टनांवर क्यूआर कोड छापणे सक्तीचे झाले, पण त्यात निर्माता, बॅच क्रमांक, मुदत अशी नकली औषध ओळखण्यासाठीची माहिती असते. त्याच कोडमधून त्या औषधाचे मुख्य दुष्परिणाम आणि कोणत्या औषधांबरोबर ते घेऊ नये हे मराठीसह सर्व भारतीय भाषांत उघडता येणे तांत्रिकदृष्ट्या मुळीच अवघड नाही, आणि केंद्राने तो नियम तेवढा वाढवावा. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनानेही दुकानांची तपासणी करताना परवाना आणि शीतकपाट यांच्याबरोबर वेदनाशामके आणि झोपेच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय विकल्या जातात का, हे पाहावे.

आपल्या वृत्तपत्राकडून माझ्या दोन अपेक्षा आहेत. आरोग्य पुरवणीत वरील निःशुल्क क्रमांक महिन्यातून निदान एकदा चौकटीत छापावा. आणि एखाद्या औषधाने अमुक टक्क्यांनी धोका वाढतो अशी बातमी देताना तो धोका हजारांत कितीवरून कितीवर गेला, पाहणी नोंदींवरची होती की चिठ्ठ्या टाकून केलेल्या चाचणीतली, आणि ते औषध कोणी बंद करू नये, या तीन गोष्टी बातमीच्या पहिल्या दोन परिच्छेदांतच याव्यात.

आपली विश्वासू,
औषधशास्त्राची एक निवृत्त अध्यापिका,
विलेपार्ले (पूर्व), मुंबई